आकार कागदावर, त्रास अंगावर: फायब्रॉइडविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

ओळखीतल्या एका घरातली गोष्ट. वहिनींचं वय त्रेचाळीस. कमरेतून कळ आली म्हणून मूतखड्याच्या शंकेने सोनोग्राफी केली. खडा निघाला नाही, पण कागदावर एक ओळ निघाली: ‘बल्की युटेरस विथ इंट्राम्युरल फायब्रॉइड, ३.२ बाय २.८ सेंमी.’ संध्याकाळपर्यंत ‘पिशवीत गाठ आहे’ हे घरभर झालं. ‘बल्की’चं कुणीतरी ‘सूज’ असं भाषांतर केलं. जाऊबाई म्हणाल्या, “मुलं झाली ना? मग काढून टाका, नसती ब्याद.” सासूबाईंना गाठ विरघळवणारा एक काढा ठाऊक होता. वहिनींची पाळी कशी आहे, हे मात्र त्या दिवशी कुणीच विचारलं नाही. ती दर महिन्याला वेळेवर येत होती, चार दिवसांत जात होती आणि त्यांची त्याबद्दल काडीचीही तक्रार नव्हती.

फायब्रॉइडच्या बाबतीतले बहुतेक चुकीचे निर्णय इथेच जन्माला येतात. कागदावरचा आकार सगळे वाचतात, बाईला त्रास काय होतोय हे राहून जातं. त्यातून पसरलेले काही समज एकेक करून तपासू.

गैरसमज: गाठ म्हणजे आज ना उद्या कॅन्सर.

वस्तुस्थिती: फायब्रॉइड ही गर्भाशयाच्या स्नायूची, कॅन्सर नसलेली गाठ असते. ती इतकी सर्रास आढळते की तिला आजार म्हणावं का, असाच प्रश्न पडावा. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात बायकांची पद्धतशीर सोनोग्राफी केली गेली. पन्नाशीपर्यंत गोऱ्या बायकांपैकी जवळपास ७० टक्के आणि कृष्णवर्णीय बायकांपैकी ८० टक्क्यांहून अधिक जणींमध्ये फायब्रॉइड असल्याचा अंदाज त्यातून निघाला. यातल्या कितीतरी जणींना आयुष्यभर त्याचा पत्ताही लागत नाही.

गर्भाशयाच्या स्नायूचा कॅन्सर असतो, पण तो फार दुर्मिळ. तो साध्या फायब्रॉइडमधून ‘पिकून’ तयार होत नाही, बहुधा स्वतंत्रपणेच उद्भवतो. फायब्रॉइड समजून केलेल्या शस्त्रक्रियांमध्ये तो शंभरात एकीपेक्षाही कमी वेळा सापडतो. सावध कधी व्हायचं? पाळी कायमची गेल्यानंतर गाठ वाढू लागली, किंवा त्यानंतर थोडंसंही रक्त गेलं, तर थांबू नये. चाळिशीच्या पुढे पाळी बेताल झाली तर सगळा दोष फायब्रॉइडवर ढकलण्याआधी डॉक्टर गर्भाशयाच्या अस्तराचा नमुना तपासायला सांगू शकतात. ती तपासणी टाळू नये.

गैरसमज: गाठ जितकी मोठी, तितका धोका मोठा.

वस्तुस्थिती: आकारापेक्षा जागा महत्त्वाची. गर्भाशयाच्या आतल्या पोकळीत डोकावणारी, वाटाण्याहून जरा मोठी गाठ महिन्याला पॅडची पाकिटंच्या पाकिटं संपवू शकते. बाहेरच्या बाजूला वाढलेली संत्र्याएवढी गाठ वर्षानुवर्षं गप्प बसू शकते. बाहेरची गाठ मोठी झाली तर तिचा त्रास वेगळा असतो: लघवीला सारखं जावं लागणं, पोट साफ न होणं, ओटीपोटात जडपणा.

म्हणून रिपोर्टमध्ये सेंटिमीटरच्या शेजारचा शब्द शोधावा. ‘सबम्युकोसल’ म्हणजे पोकळीकडची, ‘इंट्राम्युरल’ म्हणजे भिंतीतली, ‘सबसीरोसल’ म्हणजे बाहेरच्या अंगाची. याच जागांवरून फायब्रॉइडला शून्यापासून आठपर्यंत क्रमांक देण्याची पद्धत स्त्रीरोगतज्ज्ञांच्या जागतिक संघटनेने २०११ मध्ये रूढ केली, आणि कोणता उपाय करायचा ते बरंचसं या क्रमांकावर ठरतं. ‘बल्की’चा अर्थ सूज नव्हे, गर्भाशय नेहमीपेक्षा थोडं मोठं दिसतंय, एवढाच. दोन-तीन बाळंतपणांनंतर तर ते असतंही.

काही त्रास नसेल तर बहुतेक वेळा उपचार लागत नाहीत. अधूनमधून तपासणी पुरते. पाळी गेल्यावर या गाठी सहसा आपोआप आकसतात. सत्तेचाळीसच्या बाईसाठी ‘थोडं थांबू’ हासुद्धा एक उपचार असतो. तिशीतल्या बाईचं गणित वेगळं, कारण तिच्यापुढे पाळीची पंधरा-वीस वर्षं उभी असतात.

गैरसमज: बाईच्या जातीला एवढं अंगावरून जायचंच.

वस्तुस्थिती: हा समज वरच्या भीतीच्या अगदी उलटा, आणि कदाचित जास्त घातक. दर तासाला पॅड बदलावं लागणं, रक्ताच्या मोठमोठ्या गाठी पडणं, रात्री जाड टॉवेल अंथरून झोपणं, सात दिवसांनंतरही पाळी न थांबणं, हे ‘चालायचंच’ नाही. जिना चढताना धाप लागते, भाकऱ्या थापताना डोळ्यांपुढे अंधारी येते, केस गळतात, आणि घरात म्हणतात, “हल्ली हिला काही उरकतच नाही.” २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांमध्ये रक्त कमी आहे. त्याला आहारासारखी इतरही कारणं आहेत, पण जिचं रक्त दर महिन्याला वाहून जातंय तिला नुसत्या लोहाच्या गोळ्या देत राहणं म्हणजे तळाला भोक असलेला हंडा भरत बसणं.

हिमोग्लोबिन सात-आठवर येईपर्यंत दुखणं अंगावर काढायचं आणि मग घाईघाईत मोठं ऑपरेशन करायचं, असं आपल्याकडे पुष्कळदा होतं. वेळेवर गेल्यास निवडीला वाव राहतो.

गैरसमज: काढ्याने गाठ विरघळते. (किंवा: गोळ्यांचा काहीच उपयोग नाही.)

वस्तुस्थिती: दोन्ही टोकं चूक. कोणत्याही काढ्याने, चूर्णाने किंवा पथ्याने फायब्रॉइड नाहीसे होतात असं मोठ्या, नीट केलेल्या चाचण्यांत सिद्ध झालेलं नाही. ‘माझी गाठ गेली’ असं सांगणारीची पाळी त्याच सुमारास गेली होती का, हेही विचारून पाहावं.

आधुनिक औषधंही बहुतेक वेळा गाठ घालवत नाहीत. ती त्रास आवरतात, आणि अनेकींना तेवढंच हवं असतं. ट्रानेक्झॅमिक अॅसिडची गोळी फक्त पाळीच्या दिवसांत घ्यायची असते, रक्तस्राव तिने बराच कमी होतो. मात्र पूर्वी कधी रक्ताची गुठळी झाली असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगायला हवं. हार्मोनच्या गोळ्या हा दुसरा मार्ग. तिसरा, गर्भाशयात बसवायची हार्मोनयुक्त तांबी. ती काही वर्षं पुरते आणि पाळी खूप हलकी करते. पण गाठीने आतल्या पोकळीचा आकार बिघडवला असेल तर ती नीट बसत नाही, कधी आपोआप बाहेरही येते.

गाठ खरोखर लहान करणारी इंजेक्शनं आहेत. ती शरीराला तात्पुरतं पाळी गेल्याच्या अवस्थेत नेतात. अंगातून वाफा येतात, हाडं विरळ होऊ लागतात आणि औषध थांबलं की काही महिन्यांत गाठ पुन्हा वाढते. म्हणून ती बहुधा ऑपरेशनपूर्वी, रक्त भरून यावं आणि गाठ आकसावी म्हणून थोडे महिने देतात. गेल्या काही वर्षांत याच जातीच्या, तोंडाने घ्यायच्या नव्या गोळ्या आल्या. अमेरिकेत त्यांना २०२० आणि २०२१ मध्ये मान्यता मिळाली, पण हाडांच्या काळजीने तिथे दोन वर्षांची मर्यादा घातलेली आहे. युलिप्रिस्टल हे औषध एकेकाळी फार गाजलं. काही रुग्णांच्या यकृताला गंभीर इजा झाल्यावर युरोपीय औषध नियामकांनी २०२० मध्ये फायब्रॉइडसाठी त्याच्या वापरावर कडक बंधनं घातली. ‘गोळीच तर आहे’ म्हणून कोणतंही औषध निरुपद्रवी ठरत नाही.

गैरसमज: खरा उपाय एकच, पिशवी काढणं.

वस्तुस्थिती: पिशवी काढली की फायब्रॉइड परत येत नाही, हे खरं. पण मधल्या पायऱ्या बऱ्याच आहेत.

गाठ पोकळीत असेल तर योनीमार्गे दुर्बीण घालून ती तासून काढता येते. पोटावर टाका पडत नाही, बहुधा त्याच दिवशी घरी जाता येतं. भिंतीतल्या किंवा बाहेरच्या गाठींसाठी मायोमेक्टॉमी, म्हणजे गर्भाशय ठेवून फक्त गाठी काढणं. ती दुर्बिणीने होते किंवा पोट उघडून. मूल हवं असलेल्यांसाठी सहसा याच शस्त्रक्रियेचा आधी विचार होतो. तोटा असा की पुढे नव्या गाठी होऊ शकतात, आणि भिंत खोलवर उघडली असेल तर पुढचं बाळंतपण सिझेरियनने करण्याचा सल्ला मिळतो.

तिसरा मार्ग आपल्याकडे फार कमी जणींच्या कानावर पडतो: एम्बोलायझेशन. जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी घालून गर्भाशयाच्या रक्तवाहिनीपर्यंत जातात आणि वाळूसारख्या बारीक कणांनी गाठीचा रक्तपुरवठा तोडतात. उपाशी पडलेली गाठ काही महिन्यांत आकसते. फायब्रॉइडसाठी हा उपाय पॅरिसच्या डॉक्टरांनी १९९५ मध्ये मांडला. तो स्त्रीरोगतज्ज्ञ करत नाहीत, इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट करतात. त्यामुळे विचारल्याशिवाय त्याचं नाव निघेलच असं नाही, आणि सोयही मुख्यतः मोठ्या शहरांतच आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश चाचणीत २५४ बायकांमध्ये मायोमेक्टॉमी आणि एम्बोलायझेशन यांची तुलना झाली. दोन्ही गटांना आराम पडला, पण दोन वर्षांनी मायोमेक्टॉमीवाल्यांचा जीवनमानाचा गुणांक अधिक चांगला होता. एम्बोलायझेशननंतर काही जणींना पुन्हा उपचार लागतात, आणि पुढे गरोदर राहायचं असेल तर सहसा त्याला पहिली पसंती मिळत नाही. एमआरआयच्या मदतीने ध्वनिलहरींनी गाठ भाजण्याचं तंत्रही आहे. ते मोजक्याच केंद्रांत आणि ठरावीक गाठींनाच लागू पडतं.

गैरसमज: मुलं झाली, आता पिशवीचं काय काम?

वस्तुस्थिती: या एका वाक्याची किंमत महाराष्ट्राने मोजून पाहिली आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला आणि आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सुमारे ८२ हजार बायकांच्या सर्वेक्षणात १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली, म्हणजे सहांत एकीची. देशातलं प्रमाण १५ ते ४९ वयोगटात शंभरात तीनच्या आसपास आहे. अनेकींच्या तक्रारी पांढरं जाणं, पोटदुखी, बेताल पाळी अशा होत्या. हंगामात एक खाडा पडला की मजुरी जाते, वर दंड बसतो आणि उचल फेडायची राहते. तिथे ‘कॅन्सर होईल, काढून टाका’ हे वाक्य पटायला वेळ लागत नाही. देशभरातल्या अशा अनावश्यक शस्त्रक्रियांविषयीच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये राज्यांना केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करण्याचा आदेश दिला.

पिशवीबरोबर बीजकोश काढले का, हा प्रश्न तर बहुतेकींना विचारायचाच सुचत नाही. ऐन चाळिशीत किंवा त्याआधी दोन्ही बीजकोश काढले तर पाळी जाण्याचे सगळे परिणाम एका रात्रीत येतात आणि हाडं ठिसूळ होण्याचा, हृदयविकाराचा धोका वाढतो. बीजकोश ठेवले तरी काही जणींमध्ये ते अपेक्षेपेक्षा लवकर थकतात.

तरीही पिशवी काढणं म्हणजे पाप नव्हे. मूल नको आहे, गाठी अनेक आहेत, औषधं करून झाली, रक्त टिकत नाही, अशा बाईला या ऑपरेशनने वर्षानुवर्षांचा त्रास एकदाचा संपल्याचं समाधान मिळतं. त्याने बाईपण संपत नाही, आणि पाळी-पॅडविना मोकळं जगणं सुरू झाल्यावर शरीरसंबंधही सुधारल्याचं कितीतरी जणी सांगतात. ते शेवटचं पान असावं, पहिलं नव्हे, एवढंच.

गैरसमज: गाठ आहे, म्हणजे मूल होणार नाही.

वस्तुस्थिती: फायब्रॉइड असताना असंख्य बायका गरोदर राहतात आणि त्यांची बाळंतपणं सुखरूप होतात. अडचण मुख्यतः पोकळीत आलेल्या गाठींची असते. लग्न ठरताना मुलीचा रिपोर्ट लपवणाऱ्या आयांनी हे जरूर ऐकावं.

तपासणीला जाताना फाइलच्या मागच्या बाजूला चार ओळी लिहून न्याव्यात. किती दिवस जातं, किती पॅड लागतात? हिमोग्लोबिन किती? मूल हवं आहे का? आणि डॉक्टरांना विचारायचं: गाठ नेमकी कुठे आहे, आज काहीच केलं नाही तर काय होईल, पिशवी न काढता काय करता येईल, काढलीच तर बीजकोश ठेवणार का? घाईने ऑपरेशन सांगितलं तर दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांचं मत घ्यावं. त्यात अविश्वास नाही.

वहिनींनी असंच केलं. डॉक्टर मॅडमनी कागद बाजूला ठेवला आणि आधी पाळीचं विचारलं. सगळं ऐकून म्हणाल्या, “सहा महिन्यांनी परत दाखवा. मधेच जास्त जायला लागलं तर लगेच या.” कमरेची कळ, पुढे कळलं, वाकून धुणं पिळण्याची होती.