वीज गेली, फ्रिज उघडू नका

१२ ऑक्टोबर २०२०. सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली. उपनगरांतल्या काही भागांत ती यायला रात्र झाली. अशा वेळी आपण हमखास फ्रिज उघडून बघतो, आणि तिथेच चुकतो. दार मिटलेलं असेल तर फ्रिज साधारण चार तास गार राहतो, गच्च भरलेला फ्रीझर दोन दिवस.

एरवीही खरी काळजी फ्रिजबाहेर राहिलेल्या भाताची. बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. ओट्यावर राहिलेल्या भातात ते रुजतात, जिवाणू वाढून विष सोडतात. त्या विषाला फोडणीची आचही पुरत नाही. म्हणून भात पसरट डब्यात निववून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा. (ऑक्टोबरच्या उकाड्यात त्याहून लवकर.) कुकरसकट ठेवलात तर मधला भात बराच वेळ कोमटच राहतो.