एक गळा, दोन रांगा

आषाढी आठ दिवसांवर आली की सोलापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही एसटी स्टँडवर एक आवाज हटकून कानावर पडतो. रसवंतीच्या टपरीवर, वडापच्या जीपमध्ये, फराळवाटपाच्या मंडपात. पट्टी उंच, गळा थोडा खरखरीत, आणि स्वर असा फेकलेला की भोंगा फाटका असला तरी शब्द शाबूत पोचतो. ‘पाऊले चालती’ हे गाणं ओळखायला महाराष्ट्रात तिसरा शब्द लागत नाही. दत्ता पाटलांचे शब्द, मधुकर पाठकांची चाल आणि प्रल्हाद शिंद्यांचा गळा.

हाच गळा १४ एप्रिलला निळ्या झेंड्यांखाली भीमगीतं गातो. उरुसात कव्वाली गातो. भाद्रपदात गणपतीच्या मांडवात तर त्याच्यावाचून दहा दिवस सरतच नाहीत. गाणाऱ्याचं घर बौद्ध. ऐकणाऱ्यांपैकी निम्म्यांना हे ठाऊक नसतं आणि उरलेल्यांना त्यात काही वावगं वाटत नाही. मला मात्र हे कोडं बरीच वर्षं सोडत नव्हतं.

प्रल्हाद शिंदे मंगळवेढ्याचे, जन्म १९३३चा. मंगळवेढा म्हटलं की चोखोबा आठवतात. गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि चोखामेळा त्याखाली गेले. परंपरा हे साल १३३८ सांगते. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरीला आणल्या म्हणतात. त्यांची समाधी महाद्वारात, नामदेव पायरीसमोर आहे. म्हणजे देवळाच्या बाहेर. ज्यांचे अभंग वारकरी आजही म्हणतात, त्यांच्या जातीच्या माणसांना ती पायरी ओलांडता यावी म्हणून साने गुरुजींना १९४७च्या मे महिन्यात उपोषण करावं लागलं. अभंग आत जात होता, अभंगकर्त्याची माणसं बाहेर. मंगळवेढ्याच्या पोराचं पंढरीचं गाणं ऐकताना हे विसरता येत नाही.

देवाचं गाणं कोण रचतं आणि कोण गातं, या हिशेबात यंत्र शिरलं ते बरंच आधी. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६चा. दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. तुकोबा झालेले विष्णुपंत पागनीस मूळचे रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे. सिनेमानंतर लोक त्यांच्या पाया पडू लागले. आणि त्यातलं बीज-अंकुराचं पद? ते तुकोबांचं नव्हेच, शांताराम आठवल्यांनी सिनेमासाठी लिहिलेलं. जाणकारांनीही ते गाथेतलं समजून गाथा चाळली. आजही भजनी मंडळं ते तुकोबांचं म्हणून बिनदिक्कत म्हणतात. आठवल्यांना याहून मोठी दाद कुठल्या समीक्षकाने दिली असती?

पण सिनेमा काय, तबकडी काय, त्यांच्या किल्ल्या थोड्यांच्या हातात होत्या. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मावायची आणि काय छापायचं ते एचएमव्हीसारखी मोठी कंपनी ठरवायची. ग्रामोफोन ज्याच्या घरी, त्याच्या आवडीचा देव तबकडीवर. ही मूठभरांची सत्ता मोडली ती कॅसेटने. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आखातातून परतणाऱ्यांच्या सामानातून टेपरेकॉर्डर खेड्यापाड्यात आले. गुलशन कुमारांची टी-सीरिज १९८३ची. तिने आणि तिच्यासारख्या अनेक कंपन्यांनी कॅसेटचा भाव पार खाली आणला. कॉपी करणारी दोन-चार यंत्रं, एक खोली आणि छापील कागदी कव्हर एवढ्या भांडवलावर कंपनी निघत होती. एका बाजूला अर्धा तास, दुसऱ्या बाजूला अर्धा तास, ऐसपैस जागा. एवढी जागा भरायची तर गाणी हवीत, गाणी विकायची तर सण हवेत. पंचांग हेच या धंद्याचं वेळापत्रक झालं: आषाढी, गणपती, नवरात्र, मार्गशीर्षातले गुरुवार, आंबेडकर जयंती.

आमच्या गल्लीतल्या मंडळाकडे एक टेप होता. त्याच्या झाकणाची स्प्रिंग गेलेली, म्हणून वर अर्धी वीट. दुपारी तीनला फीत अडकली की देवाचा आवाज एकदम घोगरा आणि मंद व्हायचा. मग कुणीतरी पेन्सिल घालून ती गुंडाळत बसायचं आणि गणपती तेवढा वेळ मुकाट. कव्हरवर देवाचं चित्र मोठं, गायकाचा फोटो कोपऱ्यात तिकिटाएवढा. आडनाव वाचून कॅसेट परत ठेवणारं गिऱ्हाईक मी पाहिलं नाही. जात पाहून पाण्याचा तांब्या वेगळा ठेवणारी घरं मात्र त्याच गल्लीत होती.

आता खरी अडचण. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत गौरी-गणपतीला देव मानणार नाही, असं स्पष्ट वचन आहे. ते वचन घेतलेल्या समाजाचा सर्वांत लाडका गायक गणपतीची गाणी गातो याचं काय करायचं? वामनदादा कर्डकांनी आयुष्यभर बाबासाहेबांचा विचार गाण्यात ओवला. त्या वाटेवरून पाहणाऱ्याला शिंद्यांची भक्तिगीतं खटकणं साहजिक आहे. उलट बाजूने ‘कलाकाराला धर्म नसतो’ हे गोड उत्तर तयारच असतं. ते मला पटत नाही. कलाकाराला पोट असतं, आणि बाजारात सण ज्यांचे जास्त, गाणी त्यांची जास्त. कॅसेटवाले बहुधा एकरकमी पैसे हातावर टेकवायचे; लाखो प्रती खपल्या तरी रॉयल्टीचं नाव नाही. मग पुढचा सण, पुढची कॅसेट. देव निवडायची मुभा गाणाऱ्याला कितीशी होती?

तरी पोटावर सगळं ढकलून चालत नाही, कारण कान काही वेगळंच सांगतात. शिंदे घडले कव्वालीच्या पार्टीत. चाळींच्या चौकात मुकाबले व्हायचे, समोरच्याच्या शेरावर शेर चढवायचा, टाळ्यांच्या ठेक्यावर ओळ पुन्हा पुन्हा फिरवायची. हा ढंग त्यांनी विठ्ठलापुढेही सोडला नाही. त्यांच्या भक्तिगीतातला भक्त नुसता शरण जात नाही, देवाला जाब विचारतो. भीमगीतातली ठिणगी तिथेही उडते. भीमसेन जोशींची संतवाणी ऐकताना मी गाभाऱ्यात असतो. शिंदे ऐकताना रांगेत असतो, पायांत गोळे आलेले, पिशवीत भाकरी. दोन्ही पंढऱ्या खऱ्या, पण दुसरीत गर्दी जास्त.

वामनदादा गेले मे २००४ मध्ये, प्रल्हाद शिंदे त्याच वर्षी जूनमध्ये. शिंद्यांची मुलं आनंद आणि मिलिंद यांनी पोपटाच्या गाण्यापासून भीमगीतांपर्यंत सगळं गायलं. नातू आदर्श सिनेमातल्या देवाच्या गाभाऱ्याचं गाणं गातो आणि बाबासाहेबांचंही. कॅसेट गेली, सीडी आली आणि गेली, तरी आडनाव टिकून आहे.

गेल्या कार्तिकीला पंढरपुरात महाद्वाराजवळच्या एका दुकानात बुक्का घेत होतो. तुळशीच्या माळांच्या वर छोटा स्पीकर टांगलेला, प्रल्हाद शिंदे चालू. समोर चोखोबांची समाधी, तिच्यावर ओला झेंडू. शेजारी मोबाइलची कव्हरं आणि पेनड्राइव्ह मांडलेला पोरगा होता. विचारलं, “शिंद्यांची गाणी मिळतील का?”

“कुठली पाहिजेत, विठ्ठलाची का भीमाची?”

“वेगळी वेगळी आहेत?”

“नाही हो काका,” तो म्हणाला, “एकातच भरलीत. सहा डिसेंबरला दादरला हेच घेऊन बसतो. फक्त वरचा स्टिकर बदलायचा.”