राखणीच्या कुत्र्यांतील एक दुर्लक्षित दोष

शेताची व गोठ्याची राखण करणाऱ्या कुत्र्याकडे आपलें लक्ष बहुधा तो आजारी पडल्यावरच जातें. म्हणून आम्ही एक सूचना शेतकरी बंधूंपुढें ठेवीत आहों. नर पिल्लाचीं दोन्ही वृषणें साधारणतः २ महिन्यांच्या सुमारास अंडकोशांत उतरतात. ६ महिन्यांनंतरही एकच हातास लागत असेल, तर दुसरें पोटांत किंवा जांघेंत अडकलें आहे असें समजावें. अशा कुत्र्यास वृषणाचें अर्बुद होण्याचा संभव निर्दोष कुत्र्याच्या सुमारें १० पट असतो.

पोटांतील गाठ बाहेरून दिसत नाहीं. दोन्ही कुशींवरील केस सारखे झडणें, स्तनाग्रें वाढणें, इतर नर मागें लागणें, हीं तिचीं चिन्हें होत. कारण अशी गाठ कित्येकदां मादीचे अंतःस्राव निर्माण करते. त्यायोगें हाडांतील मज्जा क्षीण होऊन रक्त घटतें व कुत्रा दगावतो.

उपाय एकच. गाठ होण्यापूर्वींच, तरुणपणीं, पशुवैद्याकडून दोन्ही वृषणें काढवून घ्यावीं. दिसतें तेवढेंच काढून भागत नाहीं. धोका न दिसणाऱ्यांतच अधिक असतो. शिवाय हा दोष आनुवंशिक आहे. यास्तव असा कुत्रा कितीही इमानी असला, तरी त्याची वीण घेऊं नये, असें आमचें आग्रहाचें सांगणें आहे.