इंजिन लावलं की डाव तपासून झाला?

रविवारची बुद्धिबळ स्पर्धा संपते. परतीच्या लोकलमध्येच डाव मोबाइलवर भरला जातो, बटण दाबलं जातं आणि हौशी खेळाडू समाधानाने सांगतो, "अ‍ॅनालिसिस झालं. दोन ब्लंडर होते. अ‍ॅक्युरसी ८१." क्लबात आणि मुलांना स्पर्धांना नेणाऱ्या पालकांत हे इतकं सर्रास ऐकू येतं की आता कोणी हटकतही नाही. हटकायला हवं. विश्लेषण केलं ते इंजिनने. खेळाडूने निकाल वाचला. गाईडमधून उतरवलेल्या गृहपाठाला अभ्यास म्हणत नाहीत, तसंच हे.

इंजिन चुकतं असा इथे दावा नाही. १९९७ मध्ये डीप ब्लू या संगणकाने जगज्जेत्या कास्पारोव्हला ३.५–२.५ असं हरवलं आणि आज फुकट मिळणारं स्टॉकफिश त्याच्या कितीतरी पुढे गेलं आहे. ते सुचवतं ती चाल जवळजवळ नेहमीच योग्य असते. पण आपली चाल का चुकली हे ते शब्दांत सांगत नाही आणि ती आपल्याला का सुचली हे तर त्याला ठाऊकच नसतं. पुढच्या डावात तीच चूक टाळायची तर नेमकं हेच कळावं लागतं.

गुकेशच्या डावाचं उदाहरण बहुतेकांनी पाहिलेलं आहे. १२ डिसेंबर २०२४, सिंगापूर, जगज्जेतेपदाच्या लढतीतला चौदावा डाव. गुण ६.५–६.५. डिंग लिरेनकडे पांढरी मोहरी. दोघांकडे एकेक हत्ती, एकेक उंट. गुकेशचं एक प्यादं जास्त. इंजिनचा आकडा बरोबरीला चिकटलेला, तरी गुकेश नेटाने खेळत राहिला. ५५व्या चालीला डिंगने हत्ती एफ२ वर आणून हत्तींची मारामारी देऊ केली आणि आकडा एकदम काळ्याच्या बाजूला गेला.

इंजिनपुरतं प्रकरण इथे मिटलं: ब्लंडर. पण पट मांडून बघा. पांढरा उंट ए८ च्या कोपऱ्यात आहे आणि कोपऱ्यातल्या उंटाला एकच तिरपी रेघ मिळते. हत्ती मारले गेल्यावर गुकेशने त्याच रेघेवर, डी५ वर, आपला उंट आणला. आता पांढऱ्या उंटाला मारामारी चुकवायला घरच नाही. उंट गेले, राजे आणि प्यादी उरली आणि तिथे जास्तीचं प्यादं निर्णायक ठरलं. ५८व्या चालीला डिंगने डाव सोडला. कोपऱ्यातला उंट मारामारी टाळू शकत नाही, म्हणून आधी हत्ती देताना पुढचा प्याद्यांचा एंडगेम मोजायचा, हे ज्याने स्वतः शोधून वहीत लिहिलं त्याच्या हाती काहीतरी लागलं. नुसता लाल शेरा वाचणाऱ्याला डिंगच्या एका चालीची बातमी कळली, एवढंच.

मग तपासायचं कसं? तीनदा जगज्जेतेपद मिळवणाऱ्या मिखाईल बॉटविनिक यांचा आग्रह असे की खेळाडूने स्वतःच्या डावांचं विश्लेषण स्वतः करावं आणि ते छापावं, म्हणजे त्यातल्या चुका इतरांना काढता येतील. हौशी खेळाडूने छापायची गरज नाही, पण लिहायलाच हवं. डावानंतर त्याच दिवशी, डोक्यात सगळं ताजं असताना: कोणत्या चाली विचारात घेतल्या, कशाची भीती वाटली, कुठे फार वेळ गेला. प्रतिस्पर्धी थांबायला तयार असेल तर त्याच्यासोबत पट मांडावा. त्याला दिसलेलं आणि आपल्याला दिसलेलं यांतली तफावत फार शिकवते. मग डाव कुठे फिरला ते स्वतः ठरवावं. इंजिन सर्वांत शेवटी. त्याचं आणि आपल्या टिपणांचं जिथे जमत नाही, तिथे थांबून पुन्हा पट मांडावा. हा क्रम उलटा केला की काही उरत नाही, कारण उत्तर दिसल्यावर "मला हेच वाटलं होतं" असं प्रत्येकालाच वाटतं.

आकड्यांबद्दलही बरंच अज्ञान आहे. +१ म्हणजे एका प्याद्याची आघाडी, असं अजूनही शिकवलं जातं. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या स्टॉकफिश १५.१ पासून ते खरं नाही: तिथे +१ चा अर्थ, तितक्याच ताकदीच्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध जिंकण्याची शक्यता ५० टक्के. आणि अ‍ॅक्युरसी ९५ आली म्हणून कोणी फार चांगला खेळला असं होत नाही. समोरच्याने दहाव्या चालीला वजीर गमावला तर पुढच्या चाली सोप्याच असतात.

हरलेलेच डाव तपासावेत, हा आणखी एक समज. जिंकलेल्या डावातली चूक समोरच्याला दिसली नाही म्हणून ती चूक राहत नाही का?

ग्रँडमास्टर वीस चाली पुढचं बघतात म्हणून जिंकतात, हाही असाच एक समज. मानसशास्त्रज्ञ आद्रियान द ग्रोट यांनी खेळाडूंना बोलत विचार करायला लावून अभ्यास केला, त्यावर १९४६ मध्ये प्रबंध लिहिला. ग्रँडमास्टर इतर चांगल्या खेळाडूंपेक्षा फारसे खोल जात नव्हते. योग्य चाल त्यांच्या नजरेत आधी भरत होती.

स्कोअरशीटवर चालींखेरीज काही लिहायचंच नाही, असंही पुष्कळांना वाटतं. फिडेच्या नियमांनुसार घड्याळातली वेळ नोंदवता येते. दर पाच चालींनी ती लिहिली, तर वेळेच्या तंगीत झालेली चूक नेमकी कुठे सुरू झाली ते घरी लगेच सापडतं. बऱ्याचदा ती जागा इंजिनने दाखवलेल्या ब्लंडरच्या दहा-बारा चाली आधीची असते.