जाड डेनिम घरी शिवताय? आधी कापड तराजूवर ठेवा! एका भागाकारात कळेल, मशीनला झेपेल की नाही

नागपूर : थंडीसाठी जॅकेट असो, गाडीला अडकवायची दणकट पिशवी असो की घरीच जीन्स शिवण्याची हौस. जाड डेनिम आणलं जातं, घरचं मशीन सुरू होतं आणि पहिल्याच जोडावर सुई मोडते. दोष मशीनला दिला जातो. पण चूक अनेकदा त्याआधीच, कापड घेताना झालेली असते.

'औंस' म्हणजे काय?

डेनिमची जाडी वजनात सांगतात. एक चौरस यार्ड कापडाचं जेवढं वजन, तेवढे औंस. शर्टाचं डेनिम साधारण ४ ते ७ औंसांचं, नेहमीच्या जीन्सचं ११ ते १४ औंसांचं असतं. १६ औंसांपुढचं कापड चांगलंच जड. काही ठिकाणी वजन 'जीएसएम'मध्ये सांगतात. १ औंस म्हणजे सुमारे ३४ जीएसएम.

दुकानात कसं ओळखायचं?

डेनिम विदर्भाला परकं नाही. यवतमाळजवळ लोहाऱ्यात रेमंड युकोचा डेनिम कारखाना आहे. पण गांधीबाग किंवा इतवारीत ताग्यावरून कापड घेताना त्यावर वजन लिहिलेलं असेलच असं नाही. अशा वेळी हा हिशेब करा.

कापडाचा पन्हा ५८ इंच असेल, तर एक मीटर तुकड्याचं वजन ग्रॅममध्ये करा आणि ५० ने भागा. उत्तर औंसांत मिळेल.

- ५०० ग्रॅम : १० औंस
- ६०० ग्रॅम : १२ औंस
- ७०० ग्रॅम : १४ औंस

हाताला कडक लागलं म्हणजे कापड जाड, असं समजू नका. कोऱ्या डेनिमला खळ असते, ती धुतल्यावर निघून जाते. कापड आडवं ताणूनही पाहा. रबरासारखं ताणून परत आलं, तर त्यात स्ट्रेच धागा आहे.

कापण्याआधी का धुवायचं?

कारखान्यातच आकसवून घेतलेलं डेनिम नंतर फारसं आटत नाही. तशी प्रक्रिया न केलेलं कापड मात्र १० टक्क्यांपर्यंत आटू शकतं. म्हणजे ४० इंच लांबीची पँट पहिल्या धुण्यात ४ इंच आखूड! म्हणून कापड आधी कोमट पाण्यात, वेगळं धुऊन वाळवा. निळा रंग पाण्यात उतरणारच. मीठ टाकून तो पक्का होत नाही.

सुई नेमकी कुठे मोडते?

सरळ शिलाईत दोनच थर असतात. तिथे १४ औंसांचं कापडही घरच्या चांगल्या मशीनवर निघतं. खरी अडचण जोडावर येते. जीन्सच्या पायाच्या आतल्या बाजूला दोन्ही कडा एकमेकींत दुमडून शिवतात, तिथे ४ थर होतात. खाली बॉटम दोनदा दुमडला की त्याच जागी ४ चे १२ थर! म्हणून पहिल्यांदा शिवणाऱ्यांनी १० ते १२ औंसांचं कापड घेतलेलं बरं.

मग शिवायचं कसं?

- सुई जीन्सची, १६ किंवा १८ नंबरची लावा. टोक बोथट झालं की बदला.
- वर आणि बॉबीनमध्ये पॉलिस्टरचाच दोरा वापरा. दिसणाऱ्या टिपेसाठी फक्त वरचा दोरा जाड चालतो.
- टीप ३ ते ४ मिलिमीटर लांब ठेवा.
- दुमडलेल्या जोडाच्या आतलं जास्तीचं कापड थोडं कापून टाका. मग जोड लाकडी फळीवर ठेवून हातोडीने ठोका, तो चपटा होतो.
- जोडावर चढताना मशीनचा पाय पुढून उचलला जातो. त्याच्या मागच्या बाजूखाली त्याच कापडाची घडी सरकवा, पाय सपाट राहील.
- जोडावर मोटर चालवू नका, चाक हाताने फिरवा. कापड मागून ओढलं तर सुई वाकते आणि खालच्या पट्टीवर आपटून मोडते.

कधी थांबायचं?

चाक हातानेही फिरत नसेल, तर जोर लावू नका. सुई स्वस्तच असते. मशीनच्या आतला मेळ बिघडला तर दुरुस्ती महागात पडते. तेवढा एक जोड शिंप्याच्या मोठ्या मशीनवर मारून घ्या, बाकीची पँट घरी शिवता येते.

शिवायला बसण्याआधी एक चाचणी करा. कापलेल्या चिंध्यांचे जोडावर येतील तितके थर करून त्यावर टीप मारा. ती नीट आली, तरच खरं कापड मशीनवर घ्या.