सत्तेतला आपला माणूस : राजूर ते मंत्रालय

मागच्या भागात आपण ल्हासाला होतो. १९६५ मध्ये तिबेट स्वायत्त प्रदेश स्थापन झाला आणि न्गापो न्गावांग जिग्मे हे तिबेटी गृहस्थ त्याचे पहिले अध्यक्ष झाले. चीनच्या राज्यघटनेनुसार आजही ते पद तिबेटी माणसालाच मिळते. पण तिथे शेवटचा शब्द चालतो तो कम्युनिस्ट पक्षाच्या सचिवाचा, आणि त्या जागेवर आजवर एकही तिबेटी बसलेला नाही. खुर्ची मिळाली, पण तिजोरीच्या किल्ल्यांचे काय? हा प्रश्न घेऊन आज आपल्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात येऊ.

राजूरचे मधुकर पिचड महादेव कोळी समाजातले. पंचायत समितीच्या राजकारणातून ते वर आले आणि १९८० पासून अकोले या राखीव मतदारसंघातून सलग सात वेळा आमदार झाले. राखीव जागेचा दरवाजा कायद्याने उघडलेला होता. खरी झुंज मंत्रालयात होती. आदिवासींच्या नावाचा पैसा तेव्हा बांधकाम, पाटबंधारे, वीज अशा खात्याखात्यांत विखुरलेला असे आणि कामेही ती खातीच ठरवत. पाड्याच्या आसपास कुठे रस्ता झाला, की त्याचा खर्च आदिवासी उपयोजनेत दाखवायला मोकळे. सुखटणकर समितीच्या शिफारशींनंतर १९९३-९४ पासून हे बदलले. राज्यातल्या आदिवासी लोकसंख्येच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे नऊ टक्के योजना-निधी आधीच बाजूला काढायचा आणि तो आदिवासी विकास विभागाच्या हाती द्यायचा, असे ठरले. त्या काळात हे खाते पिचडांकडे होते. पुढे हीच पद्धत इतर राज्यांपुढे ‘महाराष्ट्र पॅटर्न’ म्हणून ठेवली गेली. पिचड १९९५ ते १९९९ विधानसभेत विरोधी पक्षनेते होते, नंतर राष्ट्रवादीचे प्रदेशाध्यक्षही झाले. पण त्यांचे सगळ्यात मोलाचे काम मला हे नऊ टक्क्यांचेच वाटते.

किल्ली हाती आली तरी सगळी कुलपे उघडली नाहीत. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. रतनवाडी-घाटघर पट्ट्यात पाऊस कोसळतो, भात पिकतो, आणि धरणातले पाणी प्रवरेने खाली संगमनेर, श्रीरामपूरच्या उसाला जाते. वरच्या वाड्यांतल्या बायकांच्या डोक्यावर उन्हाळ्यात हंडे असतातच. हे दुखणे एका खात्याच्या निधीने बरे होणारे नव्हते.

२०१३ मध्ये आदिवासी विकास खाते पुन्हा त्यांच्याकडे आले. पुढच्याच वर्षी धनगर समाजाला अनुसूचित जमातीत घेण्याची मागणी पेटली आणि पिचड ठामपणे विरोधात उभे राहिले. धनगर समाजातल्या अहिल्यादेवींचे चौंडी याच जिल्ह्यातले, त्यामुळे ती तेढ इथे फार जवळून जाणवली. वंचितांनी वंचितांसमोर उभे राहावे ही वेळ सरकारांनी वर्षानुवर्षे निर्णय टाळल्यामुळे आली, असे माझे स्पष्ट मत आहे.

२०१९ मध्ये पिचड आणि त्यांचे पुत्र वैभव भाजपमध्ये गेले आणि त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत वैभव पराभूत झाले. ६ डिसेंबर २०२४ रोजी मधुकररावांचे निधन झाले.

पुढच्या आठवड्यात : पेसा कायदा आणि ग्रामसभेच्या हातातला पैसा.