एका खापराचं गाव कसं शोधायचं?

आरमोरीजवळची वैनगंगा पवनीवरून येते. पवनीत १९६९-७० मध्ये शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांनी उत्खनन केलं आणि बौद्ध स्तूप उजेडात आले. आता समजा, आरमोरीच्या एखाद्या शेतात नांगराला जुनं खापर लागलं. ते पवनीहून आलं, की इथल्याच मातीचं?

रंगावर भरवसा नाही. भट्टीत हवा किती खेळली यावर तो बदलतो. लोह, क्रोमियम, रुबिडियम यांचं प्रमाण मोजलं, तरी एकेका आकड्यात दोन्ही गावांची सरमिसळ होऊ शकते. गंमत अशी, की एकेकटी मुकी असलेली ही मोजमापं एकत्र घेतली की बोलू लागतात!

ती कशी? रांजण मोठा, म्हणजे भिंत जाड असणारच. पण घेर रांजणाचा आणि भिंत वाटीची निघाली तर? घेर ओळखीचा, जाडीही ओळखीची. जोडी मात्र जगावेगळी. मोजमापांमधली अशी नाती हिशेबात धरून अंतर काढण्याचं सूत्र संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३६ मध्ये मांडलं. सुदानमधल्या जेबेल मोयाच्या प्राचीन दफनांतल्या अस्थी केंब्रिजला होत्या. १९४६ मध्ये संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव तिथे गेले आणि त्या अस्थींच्या मोजमापांना त्यांनी हेच सूत्र लावलं.

पण ‘जवळचं’ म्हणजे ‘त्यातलंच’ नव्हे. दोनच गावं समोर ठेवली, तर तिसरीकडचं खापरही त्यांतल्याच एकाला जवळचं ठरणार. म्हणून आणखी एक प्रश्न विचारतात: खुद्द पवनीची किती खापरं आपल्या गटाच्या मध्यापासून या खापराइतकी दूर पडतात? शंभरात एखादंच पडत असेल, तर संशय घ्यावा. दोन्ही गावांपासून लांब पडलेलं खापर तिसऱ्या गावाचा शोध घ्यायला लावतं.

गट तरी खरे कशावरून? ब्रॅडली एफ्रन यांनी १९७९ मध्ये युक्ती सुचवली. प्रत्येक खापराच्या नावाची चिठ्ठी करून, आहे त्याच ढिगातून एक उचलावी, परत टाकावी, पुन्हा उचलावी, तसे हजारो नमुने संगणकावर काढायचे. दर वेळी तेच गट पडले, तर विश्वास वाढतो. विस्कटले, तर दावा आवरता घ्यायचा.

दहा मोजमापं आणि आठच खापरं असतील, तर मात्र मोजमापांमधली नाती ठरवायला खापरंच अपुरी पडतात आणि महालनोबिस यांचं सूत्र चालतच नाही. म्हणून नक्षीदार तुकड्याइतकाच शेकड्यानं सापडणारा साधा तुकडाही जपायचा. वेगळं काय ते कळायला नेहमीचं भरपूर हाताशी लागतं.